जबड्याची शस्त्रक्रिया : निर्णय तारा लावण्याआधीच करा

वाकडे दात तारा लावून सरळ होतात, हे आता गावोगावी ठाऊक आहे. पण काही जणांची अडचण दातांची नसते, दात ज्या हाडात बसले आहेत त्या हाडाची असते. कुणाचा खालचा जबडा वरच्याच्या पुढे आलेला असतो, तर कुणाचा इतका मागे राहिलेला असतो की बाजूने पाहिलं तर हनुवटी जाणवतच नाही. कुणाचा वरचा जबडा उंचीला जास्त वाढलेला असतो आणि हसलं की दातांइतक्याच हिरड्या दिसतात. कुणाची हनुवटी एका बाजूला सरकलेली असते. कुणाच्या दाढा टेकतात, पण पुढच्या दातांत फट राहते. अशा माणसाला वडापावचा घास पुढच्या दातांनी तोडता येत नाही, तो हाताने तुकडे करून दाढेखाली नेतो आणि चारचौघांत खायचं टाळतो.

या माणसाला ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे तारा लावून दात सरळ करणारा दंततज्ज्ञ, सांगतो, 'नुसत्या तारांनी हे होणार नाही, जबड्याची शस्त्रक्रियाही लागेल.' ऐकणाऱ्याच्या मनात शस्त्रक्रियेचा तो एक दिवस घर करून बसतो आणि पुढचं काही त्याच्या कानावर पडत नाही. मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे आणि या लेखात मला मुख्यतः ते पुढचंच सांगायचं आहे. शस्त्रक्रिया काही तासांची असते, उपचार मात्र दोन ते तीन वर्षं चालतो. आणि त्यातला सगळ्यात मोठा निर्णय पहिली तार लागण्याच्या आधी घ्यायचा असतो.

दोन वाटा, उलट दिशांच्या

जबडे जुळत नसले तरी शरीर आपल्या परीने दात जुळवून घेतं. खालचा जबडा पुढे असेल तर वरचे पटाशीचे दात पुढे कलतात आणि खालचे आत, जिभेकडे झुकतात. जबड्यांतला फरक थोडा असेल तर ऑर्थोडॉन्टिस्ट हाच कल थोडा वाढवतो, गरज पडली तर खालच्या दोन उपदाढा काढून जागा करतो आणि दात एकमेकांवर नीट बसवून देतो. हाड होतं तिथेच राहतं, चेहऱ्याची ठेवण फारशी बदलत नाही, पण चावता येतं आणि दात चांगले दिसतात. सौम्य फरकासाठी हा उपचार पुरेसा आणि चांगला आहे.

शस्त्रक्रिया करायची असेल तर नेमकं उलट करावं लागतं. कललेले दात आधी आपापल्या हाडावर सरळ उभे करायचे, म्हणजे वरचे आत घ्यायचे आणि खालचे बाहेर. दात काढायचे झालेच तर सहसा वरच्या उपदाढा जातात. खालचा जबडा मागे राहिलेल्या माणसात हे सगळं पुन्हा फिरतं. नुसत्या तारांचा उपचार असेल तर वरच्या उपदाढा काढतात, शस्त्रक्रियेची तयारी असेल तर बहुधा खालच्या. तोंड तेच, दोष तोच, पण वाट बदलली की काढायचे दात बदलतात आणि दात सरकवायची दिशाही बदलते.

म्हणून 'आधी तारा लावून बघू, नाही जमलं तर शस्त्रक्रियेचं बघू' हा विचार मनातून काढून टाका. वर्षभर एका दिशेने सरकवलेले दात मागे फिरवायला पुन्हा तेवढाच वेळ जातो, दातांच्या मुळांवर ताण येतो, आणि काढलेला दात परत येत नाही. दुसरं मत घ्यायला येणाऱ्यांमध्ये मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती अशा मुलामुलींची. दोन-तीन वर्षं इमानाने तारा वागवलेल्या असतात, सांगितलेले दात काढून घेतलेले असतात, आणि आता शस्त्रक्रियेसाठी नेमके तेच दात हवे असतात.

फरक मोठा आहे अशी शंका असेल तर तारा लावण्याआधी ऑर्थोडॉन्टिस्ट आणि मॅक्सिलोफेशियल सर्जन, म्हणजे तोंड आणि जबड्याचे शल्यचिकित्सक, या दोघांनी तुम्हाला तपासून एक सामायिक योजना ठरवली पाहिजे. त्यासाठी डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे म्हणजे सेफॅलोग्राम, सगळे दात एकत्र दाखवणारा ओपीजी, दातांचे साचे किंवा स्कॅन आणि फोटो लागतात. चेहरा एका बाजूला झुकलेला असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅनही करतात. हल्ली संगणकावर शस्त्रक्रियेनंतरचा चेहरा दाखवतात. हाड किती मिलिमीटर सरकणार हे त्यात बऱ्यापैकी नेमकं असतं, पण ओठ, नाक आणि गाल त्या हाडावर कसे बसतील हा अंदाज असतो. त्या चित्राला आश्वासन समजू नका.

सर्जनना भेटलात म्हणजे शस्त्रक्रियेला होकार दिलात असं होत नाही. तुम्हाला नीट खाता येतंय, बोलता येतंय, झोप चांगली लागतेय आणि आरशातल्या चेहऱ्याबद्दल तक्रार नाही, तर 'मला हे नको' असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उलटही खरं आहे. ज्याला लहानपणापासून चिडवलं गेलं, जो फोटोत तोंडावर हात ठेवतो, त्याचं दुःख 'अरे, दिसण्यात काय आहे' म्हणून उडवून लावू नका. निर्णय ज्याच्या चेहऱ्याचा, त्याचाच. आई-वडिलांना मुलीचा चेहरा बदलून हवा आहे आणि मुलीला मात्र तसं काही वाटत नाही, अशा वेळी मी थांबायला सांगतो.

एक गोष्ट विचारली नाही तरी स्वतःहून सांगा. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा पेंग येणं. खालचा जबडा मागे असलेल्यांत घशाची वाट अरुंद असू शकते, आणि दोन्ही जबडे पुढे आणणं हा झोपेत श्वास थांबण्याच्या आजारावरचा एक मान्य उपचार आहे. याउलट पुढे आलेला खालचा जबडा खूप मागे नेला तर तीच वाट आणखी अरुंद होऊ शकते. तेव्हा सर्जन खालचा जबडा थोडाच मागे घेऊन वरचा पुढे आणण्याचा विचार करतात. तुमच्या घोरण्यामुळे शस्त्रक्रियेचा आराखडा बदलू शकतो, हे लक्षात असू द्या.

वय, परीक्षा आणि लग्न

हाडाची वाढ पूर्ण झाल्याशिवाय ही शस्त्रक्रिया सहसा करत नाहीत. मुलींमध्ये ही वाढ साधारण सोळा-सतराव्या वर्षापर्यंत आटोपते. मुलांमध्ये अठरा ते एकवीसपर्यंत चालू राहू शकते, आणि खालचा जबडा सगळ्यात उशिरा थांबतो. म्हणून खालचा जबडा पुढे असलेल्या मुलाची शस्त्रक्रिया घाईने केली तर उरलेली वाढ केलेलं काम बिघडवते. सहा महिने ते वर्षाच्या अंतराने काढलेले दोन सेफॅलोग्राम एकमेकांशी जुळले की वाढ थांबली असं धरतात. विशी उलटली तरी हनुवटी हळूहळू एकाच बाजूला सरकत असेल तर जबड्याच्या सांध्याजवळचं हाड अजून वाढतंय का, हे बघायला बोन स्कॅन करतात.

लहान मुलांच्या पालकांना इथेच सांगतो : सात-आठ वर्षांच्या मुलाचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील तर 'दुधाचे दात पडू देत, मग बघू' म्हणून थांबू नका. त्या वयात चेहऱ्यावर लावायच्या उपकरणाने वरचा जबडा पुढे ओढता येतो. खालचा जबडा मागे असेल तर उंची भराभर वाढण्याच्या वयात तोंडात घालायची उपकरणं उपयोगी पडतात. पुढची शस्त्रक्रिया दर वेळी टळेलच असं नाही, पण ती संधी त्या वयातच असते.

बारावी आणि प्रवेश परीक्षा यांची काळजी सगळ्यांनाच असते. तारांचा पहिला टप्पा अभ्यासाच्या आड येत नाही. महिना-दीड महिन्याने एक फेरी, आणि तार घट्ट केल्यावर दोन-तीन दिवस दात दुखतात, एवढंच. शस्त्रक्रिया मात्र सुट्टीत ठेवावी, पुढे किमान तीन आठवडे मोकळे हवेत. खरी पंचाईत होते ती मुलगा मध्येच शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात गेला की. ऑर्थोडॉन्टिस्ट बदलणं शक्य असतं, पण योजना एकाची आणि हात दुसऱ्याचा झाला की वेळ वाढतो. प्रवेश कुठे मिळणार हे कळल्यावर त्या गावीच उपचार सुरू करणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

आणि लग्न. दिवाळीत येऊन 'मे महिन्यात लग्न आहे, तोवर होईल ना?' असं विचारणाऱ्या घरांना मी स्पष्ट नाही म्हणतो. सहा महिन्यांत तारांचा पहिला टप्पासुद्धा पुरा होत नाही. शिवाय शस्त्रक्रियेनंतर चेहरा पूर्ण स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागतं. लग्न ठरलेलं असेल तर ते आनंदाने करा आणि उपचार त्यानंतर सुरू करा. जिच्याशी किंवा ज्याच्याशी लग्न होणार आहे, त्यांना मोकळेपणाने सांगा. लपवण्यासारखं यात काही नाही. गरोदरपणात ही शस्त्रक्रिया करत नाहीत, म्हणून मूल कधी हवं याचा विचारही याच वेळी करून ठेवा.

चेहरा आधी बिघडतो

शस्त्रक्रियेआधीच्या तारांना साधारण बारा ते अठरा महिने लागतात. या काळाबद्दल आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस खचतो. वर म्हटल्याप्रमाणे, शरीराने दात कलवून जी झाकाझाक केलेली असते ती आपण काढून घेतो. त्यामुळे हाडांमधला फरक जसा आहे तसा उघडा पडतो. खालचा जबडा पुढे असलेल्याचे खालचे दात आणखी पुढे येतात, चावणं आणखी अवघड होतं, ओठ मिटत नाहीत. 'एवढे पैसे घालून तोंड बिघडवून घेतलंस' असं घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी म्हणतंच. त्यांना सांगा की उपचार योग्य मार्गावर असल्याची ही खूण आहे. उपचार अर्धवट सोडायचा मोह याच काळात होतो, आणि सोडायला सगळ्यात वाईट वेळही हीच. शस्त्रक्रियेविना तारा काढल्या तर माणूस पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत राहतो.

खालच्या जबड्याची शस्त्रक्रिया असेल तर अक्कलदाढा आधी काढतात, बहुधा निदान सहा महिने अगोदर, म्हणजे ती जागा भरून येते. हाड जिथे चिरायचं असतं, तिथेच ही दाढ बसलेली असते. ब्रश दर जेवणानंतर करायचा. दातांवर पांढरे डाग पडले, हिरड्या सुजल्या तर शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते. तंबाखू, मशेरी, गुटखा, सिगरेट यांतलं काही चालू असेल तर ते आजच थांबवा. यांनी जखम आणि हाड भरून यायला उशीर होतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि भुलेच्या डॉक्टरांपासून हे लपवणं घातक आहे.

काही निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया आधी आणि तारांचं मुख्य काम नंतर, असाही क्रम आता वापरतात. त्यात एकूण वेळ वाचतो आणि चेहरा बिघडण्याचा काळ टळतो. पण दात फार दाटीवाटीने नसावे लागतात आणि दोन्ही डॉक्टरांचा हात त्यात बसलेला असावा लागतो. पारदर्शक अलाइनर्सनीही काही जणांची तयारी करता येते. हे दोन्ही पर्याय विचारून बघा, पण हट्ट धरू नका.

शस्त्रक्रियेच्या दिवशी काय करतात

'जबडा कापतात' हे शब्द भीतिदायक आहेत, म्हणून काय करतात ते नीट समजून घ्या. चीर तोंडाच्या आतून, गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत देतात. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. कधीकधी स्क्रू बसवायला गालावर काही मिलिमीटरचं छिद्र लागतं, तेवढंच. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वरून आडवा सोडवून नव्या जागी बसवतात. फ्रेंच शल्यचिकित्सक रेने ल फोर यांनी 1901 मध्ये चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर मोडतात याचा अभ्यास मांडला होता, त्यातल्याच एका रेषेवरून हा छेद जातो, म्हणून सर्जन त्याला ल फोर वन म्हणतात. खालच्या जबड्यात दाढांच्या मागे दोन्ही बाजूंना हाड उभं चिरून त्याचे आतला आणि बाहेरचा असे दोन पापुद्रे वेगळे करतात. मग दात असलेला पुढचा भाग पुढे किंवा मागे सरकवला तरी हाडाला हाड भिडलेलं राहतं आणि ते भरून येतं. ही पद्धत झुरिचच्या ह्यूगो ओब्वेगेसर यांनी 1950 च्या दशकात रूढ केली. गरज असेल तर हनुवटीचं हाडही त्याच वेळी सरकवतात.

नव्या जागी हाड टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्कं करतात. पूर्वी या पट्ट्या नव्हत्या तेव्हा दोन्ही जबडे तारेने सहा-सहा आठवडे बांधून ठेवत. आता बहुतेकांना दातांवरच्या हुकांना लावलेले रबर पुरतात आणि तोंड थोडं उघडता येतं. पट्ट्या सहसा आयुष्यभर आत राहतात. त्या त्रास देऊ लागल्या तरच काढतात. पुढे कधी एमआरआय करायचा असेल तर पट्ट्या आहेत एवढं सांगा, सहसा अडचण येत नाही.

पूर्ण भूल दिलेली असते आणि श्वासाची नळी नाकातून घातलेली असते. एका जबड्याला दोन-तीन तास, दोन्ही असतील तर चार-पाच तास किंवा जास्त. बाहेर बसणाऱ्यांनी घड्याळाकडे बघून घाबरू नये. तयारी आणि भुलेतून बाहेर येणं यांचाही वेळ त्यात असतो. पहिली रात्र पुष्कळ ठिकाणी अतिदक्षता विभागात ठेवतात, ती देखरेखीसाठी. दोन ते चार दिवसांत घरी सोडतात.

घरी आल्यावरचे दिवस

वेदना तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी असते, कारण बराचसा भाग बधिर असतो. त्रास होतो तो सुजेचा, बंद नाकाचा आणि न खाता येण्याचा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. ओठ जाड, डोळ्यांखाली आणि कधी मानेपर्यंत काळंनिळं. दोन-तीन आठवड्यांत बरीच ओसरते, उरलेली सावकाश काही महिन्यांत जाते. पहिले एक-दोन दिवस बर्फाचा शेक आणि डोक्याखाली दोन-तीन उश्या घेऊन, उठंगून झोपणं यांचा चांगला उपयोग होतो. वरच्या जबड्याची शस्त्रक्रिया असेल तर नाकातून थोडं जुनं रक्त काही दिवस येतं. त्या काळात नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. ओठ सुकून फाटतात, व्हॅसलीन लावत राहा. रबर किंवा तार लावून तोंड बंद ठेवलं असेल तर ती कापायची कात्री कायम उशाशी हवी. उलटी आली तर काय कापायचं, हे घरातल्या एकाने दवाखान्यातच शिकून घ्यावं.

जेवण हा घरच्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो. पहिले साधारण दोन आठवडे पातळ, मग सहा आठवड्यांपर्यंत न चावता गिळता येईल असं मऊ. नेमके दिवस तुमचे सर्जन सांगतील. आपल्या स्वयंपाकघरात यासाठी लागणारं सगळं आहे. मुगाचं कढण, वरणाचं निवळ पाणी, तांदळाची पेज, नाचणीची आंबील, ताक, दूध-केळ्याचं मिक्सरमधून काढलेलं पातळ, भाज्यांचं गाळलेलं सूप, आणि खाणाऱ्यांना चिकनचं किंवा पायाचं सूप. पण एक चूक सर्रास होते. लोक पेज आणि नारळपाण्यावर राहतात. त्यात पाणी भरपूर आणि प्रथिनं फार कमी. हाड भरून यायला प्रथिनं लागतात. म्हणून कढण घट्टसर करून मिक्सरमधून काढा, दुधात दुधाची भुकटी घाला, डाळ-तांदूळ-भाज्या एकत्र शिजवून वाटून गाळा, वरून चमचाभर तूप सोडा. दिवसातून तीन वेळांऐवजी सहा-सात वेळा थोडं थोडं द्या. खडा मसाला, खसखस, तीळ, फोडणीतली मोहरी असं टाक्यांत अडकणारं काही नको. स्ट्रॉने ओढून पिऊ नका, कप, चमचा किंवा नळी लावलेली सिरिंज वापरा. दोन-चार किलो वजन उतरतं, ते भरून येतं. या दिवसांत उपास नकोत, चातुर्मास असला तरी नकोत. दर वेळी काही घेतल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा, आणि सांगितल्या दिवसापासून लहान मुलांच्या मऊ ब्रशने दात घासणं, यात खाडा करू नका.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी मन खचतं. झोप नाही, भूक आहे पण चावता येत नाही, बोललेलं कुणाला कळत नाही आणि आरशातला चेहरा ना जुना ना नवा. रडू येतं, 'कशाला केलं हे' असं वाटतं. हे बहुतेकांना होतं आणि सूज उतरू लागली की मन सावरतं. घरच्यांनी या दिवसांत बघायला येणाऱ्यांना दारातच थांबवावं. प्रेमाने आलेली मावशीसुद्धा 'अगंबाई, काय झालं हे' असं पटकन बोलून जाते, आणि ते वाक्य महिनाभर डोक्यात राहतं. जवळ एक वही-पेन किंवा फोन ठेवा, लिहून बोला. उदासी तीन-चार आठवड्यांनंतरही हटत नसेल तर डॉक्टरांना सांगा, मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या.

काय बिघडू शकतं

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, जी खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्शाची जाणीव देते. हाड चिरताना ती ताणली जातेच. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर असणं हे जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतं. मुंग्या, टोचल्यासारखं वाटणं, मग हळूहळू जाणीव परत येणं, असा तो प्रवास काही महिने ते वर्षभर चालतो. काही जणांत मात्र थोडा बधिरपणा कायमचा राहतो, आणि वय जितकं जास्त तितकी ही शक्यता जास्त. ओठ हलतो, हसता येतं, चेहरा लुळा पडत नाही, फक्त स्पर्श कमी कळतो. गरम चहाचा कप जपून लावावा लागतो, ओठाला लागलेलं अन्न कळत नाही. बासरी, सनई वाजवणाऱ्यांनी, गाणाऱ्यांनी हे सर्जनशी आधी सविस्तर बोलावं, कारण त्यांचं जगणंच त्या ओठांवर आहे. हा धोका मान्य नसेल तर खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेला होकार देऊ नका. संमतीपत्रावर सही करताना सगळ्यात आधी वाचायची ओळ ही आहे.

बाकीचे धोके कमी वेळा दिसतात, पण आहेत. पट्टीजवळ जंतुसंसर्ग, रक्तस्राव, हाड हवं तसं न चिरलं जाणं, जबडा थोडा मूळ जागेकडे परत सरकणं, जबड्याच्या सांध्याचा त्रास, क्वचित दुसरी शस्त्रक्रिया. वरचा जबडा पुढे किंवा वर सरकवला की नाक थोडं रुंद होऊ शकतं, नाकाबद्दल हळवे असाल तर आधीच विचारा. जन्मतः टाळू दुभंगलेली असलेल्यांचा वरचा जबडा पुष्कळदा मागे राहतो आणि त्यांना या शस्त्रक्रियेचा मोठा फायदा होतो. पण जबडा पुढे आणल्यावर त्यांचं बोलणं जास्त नाकातून येऊ शकतं. त्यांनी वाचा-उपचारतज्ज्ञांची तपासणी आधी करून घ्यावी.

ताप, एका बाजूची वाढती सूज, पू, न थांबणारं रक्त, दात अचानक वेगळे बसू लागणं, यांतलं काहीही झालं तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

पैसा

खर्च एकत्र विचारू नका, तुकड्यांनी विचारा. तारांचे, सर्जनचे, भुलेच्या डॉक्टरांचे, रुग्णालयाचे, पट्ट्या-स्क्रूंचे आणि स्कॅनचे पैसे वेगवेगळे असतात आणि सांगितलेल्या आकड्यात यातलं काय धरलंय, हे लिहून घ्यावं. आरोग्य विम्यात दिसणं बदलण्यासाठीचे उपचार वगळलेले असतात, आणि दाव्यावर जबड्याची शस्त्रक्रिया म्हटलं की कंपनी पुष्कळदा तेच कलम दाखवते. तुम्हाला चावायला, बोलायला, श्वास घ्यायला खरोखर अडचण असेल तर ती तपासण्यांसह डॉक्टरांकडून कागदावर घ्या, आणि तारा लावण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी उत्तर मागवा. तारांचा खर्च विम्यातून मिळेल अशी आशा ठेवू नका.

खासगी खर्च झेपणार नसेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय, इथे ऑर्थोडॉन्टिक्स आणि मॅक्सिलोफेशियल सर्जरी हे दोन्ही विभाग एकाच ठिकाणी आहेत. दोन डॉक्टरांनी मिळून योजना ठरवायची, तर ही मोठी सोय आहे. उपचार पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करतात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असल्याने मध्येच तुमचा डॉक्टर बदलू शकतो. म्हणून केस पेपर, एक्स-रे आणि ठरलेली योजना यांची स्वतःची प्रत जवळ ठेवा. वेळ जास्त लागतो, रांगाही असतात, पण कामाचा दर्जा कमी असतो हा समज मला मान्य नाही.

शेवटचे महिने

दोन-तीन आठवड्यांत कॉलेजला किंवा बसून करायच्या कामाला जाता येतं. कबड्डी, फुटबॉल, कुस्ती यांना किमान तीन महिने सुट्टी. दुचाकी चालवायची तर हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दाबतो, तो कधीपासून चालेल हे सर्जनना विचारूनच बसा. तोंड उघडण्याचे व्यायाम सांगितलेल्या दिवसापासून नेटाने करा. टाळाटाळ केली तर तोंड दोन बोटांपुरतंच उघडत राहतं.

त्यानंतर पुन्हा तारांचं काम. दाढांचा मेळ बारकाईने बसवायला सहा महिने ते वर्ष लागतं. या टप्प्यात रुग्ण हमखास ढिले पडतात, कारण चेहरा सुधारलेला असतो आणि आता आणखी काय राहिलंय असं वाटतं. राहिलेलं असतं ते चावणं. डब्याला झाकण ठेवलं आणि डबा लागला, यात जेवढा फरक आहे तेवढा इथे आहे. रबर सांगितले तितके तास लावा, भेटी चुकवू नका.

तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर मिळतो. सुरुवातीला दिवसरात्र, नंतर रात्री, आणि रात्रीचा तो वर्षानुवर्षं चालू ठेवायचा असतो. वर्षातून एकदा दाखवायला जा. रिटेनर तुटला, हरवला किंवा घट्ट वाटू लागला तर त्याच आठवड्यात ऑर्थोडॉन्टिस्टकडे जा. पुढच्या महिन्यावर टाकू नका.